मणक्यातील भुलीनंतरचा सूतिकेचा शिरःशूल : प्रतिबंध आणि वैद्याचे कर्तव्य

सिझेरियन होऊन तीन-चार दिवस झालेले असतात. लेक रुग्णालयातून सुटून माहेरी आलेली असते. टाका ठीक, ताप नाही, बाळ ठीक. परंतु बाळाला पाजायला उठून बसली की मानेपासून कपाळापर्यंत डोके फुटल्यासारखे होते आणि आडवी झाली की थोड्याच वेळात उतार पडतो. जालन्यात शस्त्रक्रिया झालेली ही सूतिका आता मंठ्याजवळच्या किंवा भोकरदन-जाफराबादकडच्या एखाद्या खेड्यात असते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे तज्ज्ञ आणि ती यांच्यामध्ये बराच रस्ता असतो. साहजिकच पहिला प्रश्न गावातल्या किंवा तालुक्याच्या वैद्याला विचारला जातो. घरच्यांचे निदान तोवर झालेले असते : डोक्यात वारे शिरले. मग कानात कापूस, डोक्याला घट्ट फडके, खोलीची दारे बंद आणि खाटेखाली शेगडी.

प्रस्तुत लेखात या शिरःशूलाची उत्पत्ती, त्याचा प्रतिबंध आणि अशा प्रसंगी आपल्या व्यवसायबंधूंनी काय करावे व काय टाळावे याचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर भूलतज्ज्ञांचा वाटला, तरी आपल्यापैकी अनेक जण जिल्ह्यातील प्रसूतिगृहांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून रात्रपाळी सांभाळतात, काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहेत आणि उरलेल्यांकडे सूतिका सव्वा महिन्याच्या आत येतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण प्रसूतींपैकी सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५ टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे चार बाळंतिणींपैकी एकीच्या पोटावर टाके असतात आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना मणक्यातूनच भूल दिली जाते. हा शिरःशूल आता अपवादात्मक राहिलेला नाही.

छिद्राची डोकेदुखी

मेंदू आणि मेरुरज्जू यांभोवती एक स्वच्छ द्रव असतो. प्रौढ व्यक्तीत तो एकूण सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि शरीर दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर या प्रमाणात तो नव्याने तयार करीत असते. या द्रवाला सामावून घेणाऱ्या बाहेरच्या चिवट आवरणास ड्यूरा म्हणतात. मणक्यातील भूल देताना कमरेच्या खालच्या भागात, जेथे मेरुरज्जू संपलेला असतो अशा पातळीवर, सुई या आवरणातून आत नेतात, द्रवाचा थेंब दिसला की औषध सोडतात आणि सुई काढून घेतात. औषधाचा अंमल काही तासांत ओसरतो. आवरणाला पडलेले छिद्र मात्र लगेच बुजतेच असे नाही.

त्या छिद्रातून द्रव हळूहळू झिरपत राहिला आणि झिरपण्याचा वेग तयार होण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला की कवटीतील द्रवाचा आधार कमी पडतो. रुग्ण उभी राहिली किंवा बसली की मेंदू किंचित खाली ओढला जातो, त्याला धरून ठेवणारी वेदनाक्षम आवरणे व शिरा ताणल्या जातात आणि कमी झालेल्या द्रवाची जागा भरून काढण्यासाठी कवटीतील रक्तवाहिन्या विस्फारतात. यातून वेदना उद्भवते. आडवे होताच ओढ संपते आणि वेदना शमते. बसल्यावर वाढ आणि निजल्यावर उपशय, हे या शिरःशूलाचे प्रत्यात्म लक्षण होय. सोबत मान आखडणे, मळमळ, उजेड सहन न होणे, कानात आवाज येणे किंवा कमी ऐकू येणे ही लक्षणे असू शकतात. प्रारंभ बहुधा पहिल्या तीन दिवसांत, क्वचित पाचव्या दिवसापर्यंत होतो; शस्त्रक्रियेच्या टेबलावरच डोके दुखू लागले असेल, तर त्याचे कारण सहसा निराळे असते.

या व्याधीचा इतिहास मणक्यातील भुलीइतकाच जुना आहे. जर्मनीतील कील येथील शल्यविद ऑगस्ट बीअर यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये कोकेन वापरून ही भूल प्रथम दिली. त्याच महिन्यात त्यांनी आपले सहायक हिल्डेब्रांट यांच्याकडून स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना आणि बराच द्रव वाहून गेला. पुढे नऊ दिवस बीअर यांना अंथरूण धरावे लागले. उठले की डोके दुखे, निजले की थांबे. द्रव निघून जाण्याशी या वेदनेचा संबंध असावा हे त्यांनी तेव्हाच ताडले होते. पहिल्या वैद्यानेच स्वतःच्या देहावर अनुभवलेले आणि लिहून ठेवलेले लक्षण आज सव्वाशे वर्षांनंतरही बाळंतिणीच्या बाबतीत 'वारे शिरले' म्हणून बाजूला सारले जावे, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

तरुण वय, स्त्री-शरीर आणि गर्भावस्था ही तिन्ही या शिरःशूलाला अनुकूल कारणे आहेत, आणि सिझेरियनच्या रुग्णेत ती एकत्र येतात. पूर्वी एकदा असा त्रास झालेला असेल, तर पुन्हा होण्याचा संभव अधिक.

सुईचे टोक

प्रतिबंधाचा मोठा भाग शस्त्रक्रियागृहात, आणि तोही सुईच्या निवडीत आहे. सुईची जाडी गेज या मापाने सांगतात आणि आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. २२ गेजची सुई सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीची, २५ गेजची ०.५ आणि २७ गेजची ०.४ मिलिमीटर. बारीक सुईने छिद्र लहान पडते ही गोष्ट कोणासही समजेल. जाडीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व सुईच्या टोकाला आहे, हे मात्र पुरेसे प्रसृत झालेले नाही.

नेहमीच्या सुईचे टोक तिरके कापलेले, धारदार असते. क्विंके या नावाने ती ओळखली जाते. ती आवरणाला चिरते. दुसऱ्या प्रकारच्या सुईचे टोक टोकदार पेन्सिलीसारखे बंद असते आणि द्रव येण्याचे छिद्र बाजूला असते. १९५१ साली प्रसिद्ध झालेली व्हिटेकर आणि १९८७ ची स्प्रोटे या तशा सुया होत. ती आवरणातील तंतू चिरण्याऐवजी बाजूला सारीत आत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तिने पडलेले छिद्र उलट अधिक ओबडधोबड दिसते. त्या ओबडधोबड कडांमुळे होणाऱ्या शोथाच्या प्रतिक्रियेने ते लवकर बुजत असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे.

२०१८ साली लॅन्सेट या नियतकालिकात ११० चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकतीस हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. धारदार सुईने शंभरांत ११ जणांना, तर पेन्सिल-टोकाच्या सुईने शंभरांत सुमारे ४ जणांना हा शिरःशूल झाला. या चाचण्या केवळ सिझेरियनच्या नव्हत्या, विविध कारणांनी पाठीत सुई टोचलेल्या रुग्णांच्या होत्या; परंतु निष्कर्षाची दिशा प्रसूतीच्या रुग्णांतही तीच आहे. सुई यशस्वी होण्याचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे आढळले. तेव्हा 'बोथट सुई नीट जात नाही' हा आक्षेप अनुभवाच्या कमतरतेचा असतो, सुईचा नसतो.

मग ती सर्वत्र का वापरली जात नाही? एक कारण किंमत. पेन्सिल-टोकाची सुई महाग पडते. दुसरे कारण आपल्याकडील व्यवहार. लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, सामानाची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती दिली जाते आणि मेडिकल दुकानात जी सुई असेल ती येते. चिठ्ठीवर 'स्पायनल सुई' एवढेच लिहिलेले असेल, तर दुकानदार कोणती देणार? येथे निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या हातात थोडी सत्ता आहे. चिठ्ठीवर गेज आणि टोकाचा प्रकार भूलतज्ज्ञांना विचारून स्पष्ट लिहावा. रुग्णालयाच्या मालकांना दोन-चार सुया संग्रही ठेवण्यास सुचवावे. बाळंतिणीला पुढे आठवडाभर बसता येत नाही, त्याची किंमत या सुईच्या किमतीच्या किती पट होते याचा हिशेब कोणी करीत नाही, कारण तो हिशेब रुग्णालयाच्या बिलात येत नाही.

धारदार सुईच वापरावी लागली, तर ती शक्य तितकी बारीक असावी आणि तिच्या टोकाची धार पाठीच्या कण्याला समांतर राहील अशी धरावी. त्यानेही प्रमाण घटते. पुनःपुन्हा टोचावे लागणे हे स्वतंत्र जोखमीचे कारण आहे. म्हणून रुग्णेला नीट वाकवून, आधार देऊन, न हलता बसविणे हे सहायकाचे काम कमी लेखू नये. वेणा चालू असलेल्या, भ्यालेल्या स्त्रीला खांद्यांवर हात ठेवून, पाठ मांजरीसारखी गोल करायला सांगून, दोन मिनिटे स्थिर ठेवणे ही कला आहे, आणि ती बहुधा आपल्याच माणसांकडे सोपविलेली असते. त्या वेळी खोलीतील प्रत्येकाच्या नाकातोंडावर मास्क असावा, त्वचेवर लावलेले जंतुनाशक वाळू द्यावे. याचा संबंध डोकेदुखीशी दूरचा, परंतु मेंदूच्या आवरणाच्या जंतुसंसर्गाशी जवळचा आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. हे सर्व वाचून मणक्यातील भूलच टाळावी, असा अर्थ कोणी काढू नये. सिझेरियनसाठी संपूर्ण बेशुद्ध करण्यापेक्षा ही भूल मातेस सामान्यतः अधिक सुरक्षित आहे. 'पाठीत सुई दिली म्हणून जन्मभर कंबर दुखते' या समजुतीलाही अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. कंबरदुखी प्रसूतीनंतर दोन्ही प्रकारच्या भुलींत, आणि भूल न दिलेल्या स्त्रियांतही आढळते.

उशी काढून घेण्याची रूढी

'चोवीस तास उशी घ्यायची नाही, डोके उचलायचे नाही' ही सूचना आपल्याकडे इतकी रुजली आहे की ती शस्त्रक्रियेचाच भाग वाटते. नातेवाईक रात्रभर पहारा देतात. बाळंतिणीने मान वळविली तरी ओरडतात. सिझेरियननंतर काही तास, पायांत बळ येईपर्यंत आणि रक्तदाब स्थिर होईपर्यंत झोपून राहणे योग्यच आहे. परंतु जाणीवपूर्वक सपाट झोपवून ठेवल्याने हा शिरःशूल टळतो का, याची अनेक चाचण्यांतून पडताळणी झाली आहे आणि टळत नाही असेच दिसून आले आहे. झोपून राहिल्याने फार तर लक्षण झाकले जाते, छिद्र बुजत नाही. उलट हालचाल लांबल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती वाढते, पोट फुगते, आणि बाळाला पहिल्या तासांत छातीशी घेणे राहून जाते. एकदा शिरःशूल सुरू झाला की मात्र रुग्णेला ज्या स्थितीत बरे वाटते त्या स्थितीत राहू द्यावे. प्रतिबंध म्हणून झोपविणे आणि उपशय म्हणून झोपू देणे यांतील भेद आयुर्वेदाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

पाणी तोडण्याची रूढी

आता आपल्या प्रदेशातील अधिक गंभीर गोष्टीकडे येऊ. बाळंतिणीने पाणी प्यायले की पोट सुटते, टाके ओले राहतात, बाळाला सर्दी होते, या समजुतींपोटी तिला दिवसभरात मोजकेच पाणी देण्याची चाल मराठवाड्यात अद्याप आहे. तिच्या आहारात डिंक, खारीक, खोबरे, बाजरीची भाकरी यांची रेलचेल, आणि पाणी घोटभर. त्यात एप्रिल-मे महिन्यातील जालन्याचा उन्हाळा, बंद खोली, शेगडी, आणि अंगावर पाजणे.

याचा शिरःशूलाशी संबंध दुहेरी आहे. नेहमीपेक्षा अधिक पाणी पाजल्याने छिद्रातून होणारा शिरःशूल टळतो, असे सिद्ध झालेले नाही. तसा दावा आम्ही करीत नाही. परंतु जलक्षय झालेल्या रुग्णेचा त्रास अधिक तीव्र जाणवतो. दुसरा आणि जास्त भयावह संबंध म्हणजे मेंदूतील शिरांत रक्त गोठणे. सूतिकावस्थेत रक्त स्वभावतःच गोठण्याकडे झुकलेले असते. भारतातील चेतासंस्थातज्ज्ञांनी सूतिकांमधील या व्याधीचे वर्णन गेली अनेक दशके केले आहे, आणि जलक्षय हे तिच्या कारणांमध्ये गणले जाते. तिची सुरुवात डोकेदुखीनेच होते.

पाणी तोडण्यास शास्त्राधार म्हणून कोणी संहितांचे नाव घेत असेल, तर चरकसंहितेतील शारीरस्थानाचा आठवा अध्याय पुन्हा उघडावा. तेथे सूतिकेस स्नेहपान, आणि तो स्नेह जिरल्यावर पिप्पल्यादी द्रव्यांनी सिद्ध केलेली, स्निग्ध आणि पातळ यवागू मात्रेने पाजावी असे विधान आहे. उदरास वस्त्राने वेष्टन करावयास सांगितले आहे ते वायूच्या शमनासाठी. तृषा मारावयास कोठेही सांगितलेले नाही. कोमट पाणी, पेज, ताक न पचल्यास मुगाचे कढण, दूध, जे सोसेल ते तिला तहानेच्या प्रमाणात मिळालेच पाहिजे. लघवी दिवसातून किती वेळा आणि कोणत्या रंगाची होते, एवढे विचारले तरी खोलीत काय चालले आहे ते कळते. सासूबाईंना विरोध करून सून पाणी पिणार नाही. तेव्हा वैद्याने सूचना सासूबाईंनाच उद्देशून करावी. वैद्याचा शब्द अजून घरात मानला जातो.

शेगडीविषयीही दोन शब्द. बंद खोलीत कोळसा जळत असेल, तर त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूनेच डोके दुखते, मळमळते. हा शिरःशूल बसण्या-निजण्यावर अवलंबून नसतो आणि खोलीत झोपलेल्या इतरांनाही होतो. खिडकी उघडी ठेवणे हाच त्यावर पहिला उपचार.

संहितांशी तुलना, आणि तिची मर्यादा

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांपैकी क्षयज शिरोरोगाशी या व्याधीची तुलना करण्याचा मोह होतो. शिरातील वसा, कफादी धातूंच्या क्षयाने होणारा आणि स्वेदन, वमन, धूम, नस्य व रक्तमोक्षण यांनी वाढणारा असे त्याचे वर्णन आहे. द्रवाच्या क्षयाने होणारा शिरःशूल म्हणून साम्य लक्षात येते. मात्र संहिताकारांपुढे सुईने ड्यूराला पडलेले छिद्र नव्हते. साम्य आहे म्हणून दोन्ही एकच, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. तुलनेचा व्यावहारिक लाभ एवढाच की ज्या उपक्रमांनी क्षय वाढतो ते येथे टाळावेत, आणि तो लाभ लहान नाही.

कारण शिरःशूल म्हटले की आपला हात प्रथम नस्याकडे जातो. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात नस्यास अयोग्य व्यक्तींची जी गणना केली आहे, तीत सूतिकेचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा या रुग्णेस तीक्ष्ण नस्य देणे ग्रंथविरुद्धही आहे. धूमपान, डोक्याला कडक शेक, घाम काढणे ही त्याच पंगतीतली. अभ्यंग करावयाचा झाल्यास पाटावर वाकवून बसवून न करता झोपवून, हलक्या हाताने करावा. पोटावरील जखमेजवळ हात जाऊ नये.

औषधांच्या बाबतीत सूतशेखर हे आपल्याकडे शिरःशूलात सर्रास दिले जाते. त्यात पारदासह वत्सनाभ व धत्तूरबीज आहेत, आणि रुग्णा बाळाला पाजते आहे, हे विसरू नये. सुवर्णगैरिक, शुंठी व नागवेलीच्या पानांचा रस यांपासून होणारा लघुसूतशेखर हा त्यापेक्षा सौम्य; परंतु छिद्रातून झिरपणारा द्रव तो थांबवील अशी अपेक्षा ठेवू नये. ज्येष्ठमध असलेले कल्प अधिक मात्रेत वा दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढू शकतो. पुढील परिच्छेदात ज्या रुग्णेचा उल्लेख येतो तिच्या बाबतीत ही गोष्ट घातक ठरेल.

प्रत्येक डोकेदुखी सुईची नव्हे

सूतिकेच्या डोकेदुखीत सर्वप्रथम रक्तदाब मोजावा. नाडी पाहण्यापूर्वी मोजला तरी हरकत नाही. गर्भावस्थेतील रक्तदाबाचा विकार प्रसूतीने संपतो, हा समज चुकीचा आहे. तो प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत नव्याने उद्भवू शकतो आणि झटके येऊ शकतात. दाब १४०/९० किंवा अधिक असेल, सोबत डोळ्यांपुढे अंधारी, वरच्या पोटात दुखणे, चेहऱ्यावर सूज असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. १६०/११० असेल, तर घरी परत जाऊ देऊ नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे वेदनेच्या स्वभावातील बदल. आधी निजल्यावर थांबणारी डोकेदुखी आता निजल्यावरही राहते, किंवा आडवे झाल्यावर वाढते. पहाटे उलट्या होतात. एक हात-पाय लुळा पडतो, बोलणे अडखळते, झटका येतो, रुग्णा सुस्त पडते. अशा वेळी मेंदूच्या शिरांत रक्त गोठणे किंवा मेंदूवर रक्तस्राव होणे याची शंका घ्यावी. द्रव फार कमी झाल्याने मेंदू खाली ओढला जाऊन त्याच्या आवरणाखालील शिरा फुटू शकतात. हा प्रकार दुर्मीळ असला तरी न बुजलेल्या छिद्राचाच तो उपद्रव आहे. दोन-दोन प्रतिमा दिसणे, एक डोळा बाहेरच्या बाजूस न वळणे हेही त्याच ओढीने मज्जातंतू ताणला गेल्याचे चिन्ह असू शकते. ताप, थंडी आणि मानेचा ताठरपणा एकत्र आल्यास जंतुसंसर्गाचा विचार तातडीने करावा. यांतील कोणत्याही रुग्णेस 'दोन दिवस काढा घेऊन पाहू' असे सांगणे हा प्रज्ञापराध ठरेल. जिल्हा स्त्री रुग्णालय जालन्यात आहे. मेंदूचे चित्रण आणि चेतासंस्थेचे उपचार आवश्यक वाटल्यास छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे साठ किलोमीटरवर आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूतीनंतरच्या उपचारांचा व ने-आण करण्याचा खर्च रुग्णेवर पडत नाही. घरच्यांना ही माहिती दिली की नेण्यास होणारी टाळाटाळ पुष्कळ कमी होते.

हे सर्व नाही, रक्तदाब स्वाभाविक आहे, ताप नाही, आणि वेदना केवळ बसल्या-उठल्यावरच आहे, अशी खात्री झाल्यास रुग्णेस धीर द्यावा. बहुतेकींचा त्रास आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत आपोआप शमतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे अंगावर पाजणाऱ्या मातेस सामान्यतः चालतात. ती सिझेरियनच्या औषधांत आधीच असतील, तर मात्रा दुप्पट होणार नाही हे पाहावे. रक्तदाब वा झटक्यांचा इतिहास नसल्यास कपभर कॉफीने काही तासांचा तात्पुरता उतार पडतो. मलावष्टंभ होऊ देऊ नये, कारण कुंथल्याने त्रास वाढतो; जड कळशी उचलायला लावू नये. बाळाला कुशीवर झोपून पाजण्यास शिकवावे. आईचे बसणे टळते आणि बाळाचे पाजणे टळत नाही. 'डोके दुखते तर वरचे दूध सुरू करा' हा सल्ला घरात फार लवकर दिला जातो. तो या एका कृतीने थोपवता येतो.

एवढ्याने भागले नाही, बाळाला घेऊन बसणेच अशक्य झाले, तर भूलतज्ज्ञांकडे एक खात्रीचा उपाय आहे. रुग्णेच्याच हातातील रक्त निर्जंतुक रीतीने काढून, सुमारे १५ ते २० मिलिलिटर, ड्यूराच्या बाहेरच्या अवकाशात सोडतात. ते रक्त गोठून छिद्रावर ठिगळासारखे बसते. अमेरिकेत १९६० साली गोर्मली यांनी केवळ दोन मिलिलिटर रक्ताने याचा आरंभ केला आणि १९७० च्या सुमारास मात्रा वाढवून ही पद्धत रूढ झाली. अनेकींना टेबलावरून उठतानाच उतार पडलेला असतो. काहींना पुन्हा करावे लागते. ताप किंवा रक्त गोठण्याचा दोष असल्यास ते करीत नाहीत. आपल्या रुग्णांना हा उपाय अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते. म्हणून त्या सोसत राहतात.

रुग्णेस परत पाठविताना केवळ 'डोके दुखते' असे न लिहिता चिठ्ठीत पुढील गोष्टी असाव्यात : सिझेरियनची तारीख, भुलीचा प्रकार आणि शक्य असल्यास सुईचा तपशील, वेदना कोणत्या दिवशी सुरू झाली, बसल्यावर व निजल्यावर किती मिनिटांत काय फरक पडतो, आजचा रक्तदाब, ताप, लघवीचे प्रमाण, दृष्टी, बोलणे व हातापायांतील बळ, दिलेली औषधे, काढे आणि त्यांच्या मात्रा. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाचे सुटकापत्र नातेवाइकांकडून मागून त्याच चिठ्ठीला जोडावे, आणि भूलतज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक त्यावर असल्यास रुग्णा निघण्यापूर्वी वैद्याने स्वतः एकदा बोलून घ्यावे.